गच्चीवरचा कान

७ ऑगस्ट, गुरुवार

आज कंपनीला सुट्टी, म्हणून अँटेना एकदाची गच्चीवर बसवली. पाण्याच्या टाकीशेजारी प्लॅस्टिकचा पाइप उभा केला, त्यात तांब्याची तार घातली, वायर खाली माझ्या पत्र्याच्या खोलीत आणली आणि पेनड्राइव्हएवढ्या रिसिव्हरमधून जुन्या लॅपटॉपला जोडली. बराच वेळ काहीच आलं नाही. तार मापात कापली गेली नसेल असं वाटून पुन्हा मोजली. माप बरोबर होतं. वायरचं टोक सैल होतं.

मग एकदम पडद्यावर विमानं उमटली. एक लोहगावला उतरत होतं, एक मुंबईहून हैदराबादकडे निघालं होतं. प्रत्येकाशेजारी त्याचं नाव, उंची, वेग. दाजी चहा घेऊन वर आले आणि बघत उभे राहिले.

"हे चोरून ऐकायलास का रे?"

मी समजावलं. विमानात एक यंत्र असतं. मी अमुक, मी इथे, मी इतक्या उंचीवर, असं ते सारखं सांगत राहतं. आकाशात टक्कर होऊ नये म्हणून आता बहुतेक विमानांना ते बसवावंच लागतं, तसा नियम आहे. त्या बोलण्याला कुलूप नाही. ज्याच्याकडे रिसिव्हर आहे त्याने ऐकावं. मी ऐकलेलं एका वेबसाइटला पाठवतो, तसे ठिकठिकाणचे लोक पाठवतात, आणि सगळ्यांचं मिळून नकाशा होतो.

"म्हणजे विमान सोताच बोंबलतंय," दाजी म्हणाले, "आन् आपल्या गच्चीला कान उगवलाय."

अक्का जिन्यातून ओरडली, "त्या पाइपाला साडी वाळत घातली तर चालंल का?"

चालणार नाही म्हणून सांगितलं.

डायरी आजपासून सुरू केली आहे, तर हे लिहून ठेवतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण पद्मा. दाजी उद्धवराव, चाकणला अनुया प्रेसपार्ट्समध्ये कायम कामगार, प्रेस लाइन दोनवर. वडील गेल्यावर माझी बारावी सुटली आणि दाजींनी मला बीडहून कासारवाडीला आणलं. त्याच कंपनीत स्टोअरमध्ये कंत्राटावर चिकटवलं. त्यांच्या खोलीवरची ही खोली मी वापरतो.

९ ऑगस्ट, शनिवार

कँटीनबाहेरच्या फलकावर एचआरने कागद लावला होता. वर ठळक अक्षरात 'सुचना'. रोज बघून मला त्रास होत होता. आज कोणी नाही असं पाहून पेनाने ऱ्हस्व उकार दीर्घ केला. मागे वळलो तर एचआरचे स्वानंद सर उभे.

ते हसले. "बरोबर आहे तुझं. कितवी शिकलास?"

"बारावी." मग राहवलं नाही. "म्हणजे अकरावी पास, सर."

"इथे एमबीए झालेल्यांना हे दिसलं नाही. नाव काय?"

त्यांनी नाव विचारलं हे चांगलं की वाईट, याचा दिवसभर विचार केला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

जेवताना दाजींनी विचारलं, "आपल्या शेठचं इमान दिसतंय का रे तुझ्या मशिनवर?"

शेठचं छोटं विमान आहे हे सर्वांना माहीत आहे. कंपनीच्या कॅलेंडरवर त्याच्यासमोर शेठ आणि त्यांची मुलगी अनुया मॅडम उभ्या आहेत. कंपनीला नाव त्यांचंच. फोटोत शेपटीवरची अक्षरं स्पष्ट वाचता येतात. ती इथे लिहीत नाही.

सापडलं. गेल्या महिन्यातले प्रवासही वेबसाइटवर होते. बहुतेक मुंबई, एकदा गोवा. आणि दोनदा होसूर.

"हे होसूर कुठं आलं?"

"तामिळनाडूत. बंगळूरजवळ."

दाजींनी घास खाली ठेवला. लाइन दोन उचलून दुसरीकडे नेणार अशी कुजबुज मे महिन्यापासून आहे. कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. होसूरलाही आपल्यासारख्याच गाड्यांच्या कंपन्या आहेत म्हणे.

"लगेच काही समजू नका," मी म्हटलं. "विमान कुठे उतरलं एवढंच यात कळतं. का उतरलं ते नाही."

"बरं बरं, वकीलसाहेब. पुन्हा गेलं की सांग."

२ सप्टेंबर, मंगळवार

विमान आज पुन्हा होसूरला. दोन तास थांबून परत. दाजींना संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये सांगितलं. त्यांनी शेजारच्या रंगरावांना सांगितलं, तेही लाइन दोनचे आणि युनियनच्या कमिटीवर आहेत.

"देवदर्शन असंल," रंगराव म्हणाले.

"दोन तासांत? बालाजी काय धावपट्टीवर येऊन उभा राहतोय व्हय?" दाजी म्हणाले. "का इडल्या खायला जातोय?"

मागच्या सीटपर्यंत हशा झाला. मी हसलो नाही. एवढ्या लोकांत बोलायला नको होतं.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज दाजी एक कागद घेऊन वर आले. युनियनच्या नावाने कामगारांना मजकूर पाठवायचा आहे, त्यांनी स्वतः लिहिला होता. पहिल्याच ओळीत चार चुका. 'सुचना', 'परीस्थीती', 'शास्वती', 'कंपणी'.

"तेवढं नीट करून दे. साहेबलोकं हसाय नाय पायजेत."

मी म्हटलं, माझं नाव कुठे येणार नाही ना?

"तुझं कामून येईल? तू कंत्राटवाला. खाली माझी सही हाय."

मजकूर असा होता की शेठचं विमान दोन महिन्यांत तीनदा होसूरला गेलं, लाइन दोनच्या एकशे दहा जणांच्या नोकरीची शाश्वती काय, ते व्यवस्थापनाने लेखी सांगावं. मी एकही शब्द बदलला नाही. फक्त काना-मात्रा दुरुस्त केल्या. मग स्वच्छ टाइप करून त्यांच्या फोनवर पाठवला.

१० सप्टेंबर, बुधवार

मजकूर सगळ्यांच्या फोनवर फिरला. दुपारी लाइन दोनने कँटीनचं जेवण नाकारलं. लोक पाणी पिऊन पुन्हा मशिनवर उभे राहिले. काम थांबवलं नाही, त्यामुळे कारवाई करता येत नाही, असं रंगराव म्हणाले. कँटीनमध्ये भाताच्या पराती तशाच पडून होत्या. मी कंत्राटी, मला जेवावं लागलं. एकटा बसून जेवलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

स्वानंद सरांनी बोलावलं. टेबलावर तोच मजकूर छापून ठेवला होता.

"हे तू लिहिलंस."

"नाही सर."

"'सूचना'ला दीर्घ उकार. 'परिस्थिती'त पहिल्या दोन वेलांट्या ऱ्हस्व आणि शेवटची दीर्घ. 'शाश्वती'. गणराज, या कंपनीत असं लिहिणारा एकच माणूस मी पाहिलाय."

मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

मग सर उठून दाराला कडी लावून आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुला कळतंय का तू काय केलंस? एका माणसाने कधी, कुठे जायचं हे त्याचं खासगी असतं. उद्या कोणी त्यांच्या मुलीला विमानतळाबाहेर गाठलं, तर? विमानाला ते यंत्र सक्तीचं आहे म्हणून शेठ ते बंद करू शकत नाहीत. त्याचा अर्थ कोणीही पाठलाग करावा असा होतो का?"

सर पुन्हा खुर्चीत बसले.

"आणि राहतोस कुठे? कासारवाडी. एका बाजूला लोहगावला हवाई दल, दुसऱ्या बाजूला देहूरोडला लष्कर, आणि तू मधे गच्चीवर अँटेना लावून बसलास. मी फक्त एक फोन केला तर पोलीस तुला काय विचारतील?"

लष्कराची विमानं मी कधी शोधली नाहीत, हे सांगायचं होतं.

सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला विश्वासाने सांगतो. अनुया मॅडमना गंभीर आजार आहे. बंगळूरला उपचार चालू आहेत. बाप मुलीला घेऊन जातो, आणि तुम्ही लोक त्यावर इडल्यांचे विनोद करता."

मला रडू आलं. माझे वडील ससूनमध्ये होते तेव्हा कोणी असं बोललं असतं तर?

मग सरांनी विचारलं की हे पाहायला कोणी सांगितलं. मी खरं सांगितलं. दाजींनी विचारलं, मी पाहिलं, मजकूर त्यांचा, शुद्धलेखन माझं. सर म्हणाले, तसाच जबाब लिहून दे. लिहिला. त्यांनी वाचून दोन बदल सुचवले. शुद्धलेखनाचं वाक्य काढायचं, कारण त्यात माझंच नुकसान. आणि 'विचारलं'च्या जागी 'वारंवार दबाव आणून विचारलं'.

"दबाव नव्हता सर."

"थोरला माणूस, त्याच्याच घरात राहतोस, त्याने लावलेली नोकरी. याला दबावच म्हणतात. तुला कळत नाही इतकंच."

मी विचार केला. तसं पाहिलं तर खोटं नाही.

इडल्यांचा विनोद बसमध्ये झाला होता. सर आमच्या बसने येत नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

अँटेना उतरवली. रिसिव्हर सरांना द्यायचा आहे. दाजींनी कारण विचारलं. वायर खराब झाली, म्हणालो.

उतरवण्याआधी एकदा वेबसाइट पाहिली. शेठच्या विमानाची जागा रिकामी. मालकाच्या विनंतीवरून माहिती दाखवता येत नाही, अशी ओळ होती. असा अर्ज करता येतो हे मला माहीत नव्हतं. म्हणजे बोलणं विमानाला सक्तीचं, पण ते लोकांना दाखवू नका असं सांगायची सोय आहे. ज्याला अर्ज कुठे करायचा ते कळतं त्याला.

अक्काने पाइपाच्या जागी दोरी बांधली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल दाजींना सस्पेंड केलं. आरोपपत्रात लिहिलंय, मालकांच्या खासगी प्रवासाची हेरगिरी, कंत्राटी कामगारावर दबाव, अफवा पसरवणे. चौकशी होणार, निकाल लागेपर्यंत अर्धा पगार आणि दुसरीकडे काम करायचं नाही.

दाजी आज दिवसभर आरोपपत्र वाचत होते. मग मला हाक मारली. "हेरगिरीतली पहिली वेलांटी कोणती रे?"

"पहिल्या अक्षराला वेलांटी नाही, दाजी. 'हे'वर मात्रा आहे. पहिली वेलांटी 'गि'ला, ऱ्हस्व. 'री'ची दीर्घ."

"बरं. माज्या आयुष्यात पयल्यांदा कुणी मला येवढा मोठा शब्द लावलाय." ते हसले. अक्का हसली नाही.

"कंत्राटी कामगार म्हंजे तूच ना?" तिने विचारलं. "तुला काय विचारलं का त्यांनी?"

"मला काही माहीत नाही," मी म्हणालो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सगळ्या मशिनना धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या. दरवर्षी शेठ लाइन एकच्या पहिल्या प्रेसपुढे नारळ फोडतात. या वर्षी अनुया मॅडमनी फोडला. एका फटक्यात. टाळ्या झाल्या. मग त्या कँटीनमध्ये आल्या, सर्वांबरोबर पुरीभाजी खाल्ली, दुसऱ्यांदा पुऱ्या मागून घेतल्या. तब्येत चांगली वाटली. आजार चेहऱ्यावर दिसतोच असं नाही. उपचार लागू पडत असतील.

लाइन दोनच्या शेवटच्या तीन प्रेसना माळ घातली नव्हती. त्यांना प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलंय. रंग द्यायचा आहे म्हणाले.

मी मॅडमना नमस्कार केला. त्यांनी ओळखलं नाही, ते साहजिकच.

६ ऑक्टोबर, सोमवार

मला कंत्राटावरून काढून कंपनीच्या हजेरीपटावर घेतलं! पद, प्रशिक्षणार्थी, वाहतूक व सुरक्षा. पहिल्या मजल्यावर खुर्ची, मोठा पडदा. स्वानंद सर म्हणाले, "तुझ्या आवडीचंच काम आहे."

सगळ्या बस, मालाच्या गाड्या आणि कामगार आता पडद्यावर ठिपक्यांनी दिसतात. प्रत्येकाने फोनमध्ये कंपनीचं ॲप घ्यायचं आणि लोकेशन चालू ठेवायचं. ते बंद असलं तर त्या दिवसाची हजेरी लागत नाही. महिला कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आहे असं सूचनेत लिहिलंय. सूचना मीच टाइप केली.

कामाची वेळ संपल्यावरही ठिपका दिसत राहतो. मी सरांना विचारलं, कोणाला नको असेल तर तसा अर्ज करता येतो का. ते म्हणाले, "कसला अर्ज?"

सस्पेंड झालेल्यांनाही हजेरी ॲपवरच लावायची आहे, नाहीतर अर्धा पगार मिळत नाही. दाजींच्या फोनवर ॲप मीच टाकून दिलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाणेकरवाडीला कंपनीची खोली मिळाली. कंपनीपासून चालत जाता येतं. अक्का म्हणाली, "जा. गच्चीवर पावसाचं गळतंच तसंबी." तिने लोणच्याची बरणी दिली.

दाजी नाक्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, चौकशी सात नोव्हेंबरला आहे. "तू येऊन येवढंच सांग. मशिन माजं, बगितलं मी, दबाव न्हवता. एक वाक्य. युनियनचा वकील म्हणतोय, तेवढ्यावर केस पडती."

"बघतो," मी म्हणालो.

"बगतो न्हाई. येतो म्हण."

बस आली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

स्वानंद सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "उद्धवरावांचा ठिपका सकाळी कुठे असतो रे?"

मी पाहिलं नव्हतं असं नाही. रोज सकाळी तो कासारवाडीहून निघतो, भोसरीच्या मजूर अड्ड्यावर थांबतो. कधी तिथूनच परत येतो. कधी मोशीकडे जातो, जिथे इमारती चालल्या आहेत, आणि संध्याकाळपर्यंत तिथे असतो. अक्का मला म्हणाली होती की ते युनियनच्या ऑफिसात जातात.

"तारखा आणि ठिकाणं टाइप करून दे," सर म्हणाले.

दिली. ठिपका कुठे थांबला एवढंच लिहिलं. का थांबला ते लिहिलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. कासारवाडीला गेलो. दाजी घरी नव्हते. ते कुठे आहेत हे मला माहीत होतं, तरी विचारलं. अक्का म्हणाली, "युनियनच्या हापिसात."

तिने पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. मी पाकीट ताटात ठेवलं. तिने ते उचलून माझ्या खिशात परत घातलं.

"ओवाळणी नको. सात तारखेला तेवढं एक वाक्य दे."

"अक्का, माझी नवीन नोकरी आहे. अजून कायम नाही."

"त्यांची सोळा वर्षांची हाय."

"शेठच्या मुलीचं आजारपण आहे. तुला माहीत नाही सगळं."

"कुणाच्या मुलीचं?" तिने नीट विचारलं, खरंच न कळून. "ती? गेल्या आठवड्यात होसूरला नव्या शेडचं उद्घाटन करताना तिचा फोटो आलाय. रंगरावभावजींनी दाखवला. हिरवा शालू नेसलेली."

मी म्हटलं, फोटो जुना असेल. फोटोवर तारीख खोटीही टाकता येते.

ताटातलं निरांजन अक्काने फुंकर मारून विझवलं. आमच्याकडे फुंकर मारत नाहीत.

३ नोव्हेंबर, सोमवार

भर दुपारी तीन ट्रेलर आले. लाइन दोनच्या प्लॅस्टिकमधल्या प्रेस क्रेनने उचलून त्यावर ठेवल्या. पाळी बदलायची वेळ होती. दोन्ही पाळ्यांचे लोक गेटजवळ उभे राहून बघत होते. कोणी घोषणा दिली नाही. दाजी सस्पेंड झाल्यापासून कोणी काही बोलत नाही.

ट्रेलरचे ठिपके माझ्या पडद्यावर आहेत. कागदावर कारण 'दुरुस्ती'. ठिकाण होसूर. तिकडे दुरुस्ती चांगली होत असेल. मी फार विचार करत नाही. विचार केला की अक्षर बिघडतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकशी माझ्या खालच्याच खोलीत होती. दाजींचा ठिपका गेटमधून आत आला आणि माझ्या ठिपक्याच्या बरोबर खाली येऊन थांबला. पडद्यावर मजला कळत नाही, त्यामुळे दोन्ही एकच दिसत होते.

स्वानंद सरांनी सकाळी सांगितलं होतं, "तुझा लेखी जबाब आहे, यायची गरज नाही. आलास तर उलटतपासणी होईल. तुझा तू ठरव." त्यांनी सक्ती केली नाही. ठरवलं मीच.

एकदा जिन्यापर्यंत गेलो. खालून वकिलाचा आवाज येत होता. जिन्यात साफसफाई चालू होती, पायऱ्या ओल्या होत्या. परत आलो.

दुपारी ठिपका बाहेर पडला. गेटवर थोडा वेळ थांबला. वॉचमन अर्जुनराव नंतर चहा घेऊन वर आले. चौकशीच्या खोलीत दाराशी तेच बसले होते.

"तुमचा जबाब वाचून दाखवला," ते म्हणाले. "उद्धवरावांनी तो हातात मागून घेतला. दोनदा वाचला. म्हणाले, एक बी काना-मात्रा चुकलेली न्हाई, म्हणजे पोरानं सोताच लिवलंय. दबावाखाली लिवलं असतं तर कुठंतरी चुकला असता. मग म्हणाले, मला काय विचारायचं न्हाई."

"आणि?"

"आणि ते मजूर अड्ड्याचं निघालं. सस्पेंडात असताना बाहेर काम केलं. त्याच्यावर वकील काय बोलणार? गेलं." अर्जुनराव कप उचलून थांबले. "ते बाकी तुम्हीच काढून दिलं म्हणतात. खरं का?"

मी म्हटलं, ते माझं कामच आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

दाजींना बडतर्फ केल्याचं पत्र निघालं. लाइन दोनच्या बाकीच्यांना महिनाअखेरपर्यंत हिशेब घ्यायला सांगितलंय. त्यात रंगरावही आहेत.

दुपारी दाजींचा ठिपका कासारवाडीत होता. बघता बघता विझला. पडद्यावर 'संपर्क नाही' आलं.

स्वानंद सर म्हणाले, "आता त्यांचं काही बघायचं नाही. यादीतून काढून टाक."

मी अजून काढलेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. कासारवाडीला गेलो. अक्काला खरं काय ते समजावून सांगायचं ठरवलं होतं. वाक्यं मनात तयार केली होती.

खोलीला कुलूप होतं. खिडकीतून आत पाहिलं, भिंतीवरच्या खिळ्याशिवाय काही नव्हतं. शेजारच्या गिरजाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचं घर इथलं मूळचं, आमची खोलीही त्यांचीच.

"गेली की ती दोघं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी टेम्पो आणला व्हता. तुला न्हाई सांगितलं?"

"कुठे गेले? गावी?"

"गावी न्हाई. पद्मा म्हनत व्हती गावी तोंड न्हाई दाखवायचं."

"मग कुठे? काही पत्ता दिला असेल. डिपॉझिट परत द्यायला तरी."

"डिपॉझिट हातात दिलं म्या." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "म्या इचारलं व्हतं तिला, गं, भाव आला तर काय सांगू? तर म्हनली, त्याला कशाला सांगायला पायजे, मावशी? त्याला समद्यांचं दिसतंय."

फोन लावला. दोघांचेही बंद.

"आरं, बस की," गिरजाबाई म्हणाल्या. "पानी देऊ?"

नको म्हणालो. गच्चीवर गेलो. खाली येऊन पुन्हा कुलूप हलवून पाहिलं. मग बसस्टॉपवर आलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व बस वेळेवर आल्या. सर्व ठिपके जागेवर.

अक्काकडे ॲप कधीच नव्हतं.